चौकोनरावांची वाढीव भाषा

कंपनीतली सगळी चित्रं ज्या प्रमाण चित्रभाषेत काढायची सक्ती होती, त्या भाषेत लॉन्ड्री बसत नव्हती. आता यात एवढं बिघडलं काय, असं कुणीही शहाणा माणूस विचारील. नाही बसत तर नाही बसत. पण चौकोनरावांची नोकरी, अब्रू आणि सासुरवाडीतलं स्थान या तिन्ही गोष्टी त्या लॉन्ड्रीत अडकून पडल्या होत्या, त्यामुळे ती बसवणं त्यांना भाग होतं.

चौकोनराव हे त्यांचं खरं नाव नव्हे, हे सांगायला नको. ते एका सॉफ्टवेअर कंपनीत होते. बाकीचे लोक प्रोग्राम लिहायचे. ते लिहायला बसण्याआधी त्या प्रोग्रामचे मोठमोठे भाग कोणते, कोण कुणाच्या जिवावर उभा आहे, कोण पडला तर कोण कोण पडेल, याचा नकाशा चौकोनराव काढायचे. भाग म्हणजे चौकोन आणि नातं म्हणजे बाण. वर्षानुवर्षं चौकोन काढून काढून हे नाव त्यांना चिकटलं. सुरुवातीला त्यांना राग यायचा. पण एकदा बायकोच फोनवर कुणाला तरी "आमचे चौकोनराव आत्ता आंघोळीला गेलेत" असं म्हणाली, तेव्हा त्यांनी नाद सोडला.

नावाचं एवढं नाही, हुद्द्याचं दुखणं मोठं होतं. त्यांच्या टेबलावरच्या पाटीवर 'मुख्य रचनाकार' असं छान ठळक लिहिलेलं होतं आणि त्याच्यापुढे जरा बारीक अक्षरात 'प्रभारी'. आधीचे मुख्य रचनाकार एकदा "जरा बाहेर जाऊन येतो" म्हणून गेले ते थेट दुसऱ्या कंपनीत रुजू झाले, आणि तेव्हापासून चौकोनराव प्रभारी होते. प्रभारी म्हणजे काम सगळं करायचं, पण खुर्चीत जरा पुढे सरकून बसायचं. सासूबाई चारचौघांत जावयाची ओळख करून द्यायच्या तेव्हा "मोठ्या हुद्द्यावर आहेत" इथवर आवाज खणखणीत असायचा, आणि "सध्या प्रभारी" म्हणताना तो असा काही खाली यायचा, की ऐकणाऱ्याला वाटावं जावयाला काहीतरी जडलंय. त्यात मेहुणा सरकारी खात्यात कायम. भेटला की पहिला प्रश्न, "काय भावजी, झालं का कायम?" आणि उत्तराची वाट न बघता तो सहानुभूतीने मान हलवायचा. ती हलणारी मान चौकोनरावांना जेवताना दिसायची, दाढी करताना दिसायची, एकदा तर सिग्नलला उभे असताना दिसली आणि मागच्या सगळ्या गाड्यांनी हॉर्न वाजवले.

अशात लॉन्ड्रीचं काम आलं. शहरभर दुकानं, एक मोठा कारखाना, हॉटेलांच्या चादरी, दवाखान्यांचे कोट, कुणाकुणाच्या पँटी. आणि या सगळ्या ढिगातून कुठला कपडा कुणाचा हे सांगणारं सॉफ्टवेअर मालकांना हवं होतं. साहेबांनी चौकोनरावांना केबिनमध्ये बोलावलं. साहेब मुळात विक्री खात्यातून वर आलेले. सॉफ्टवेअर आतून कसं दिसतं हे त्यांनी कधी पाहिलं नव्हतं आणि पाहायची इच्छाही नव्हती.

"चौकोनराव," साहेब म्हणाले, "नकाशा असा काढा, की मालक बघूनच गार पडला पाहिजे. तो खुश झाला, की तुमचं ते प्रभारी मी स्वतः खोडतो."

"स्वतः?"

"माझ्या पेनाने."

चौकोनराव जागेवर परत आले ते तरंगत. आल्या आल्या त्यांनी चार चौकोन काढले, पावती, धुलाई, इस्त्री, पोचवणी, आणि तिथेच घोडं अडलं.

त्या प्रमाण भाषेबद्दल इथे दोन शब्द सांगायला हवेत. घाबरू नये, दोनच आहेत. ही भाषा जगभरच्या जाणत्या मंडळींनी एकत्र बसून, भांडून, जेवून आणि पुन्हा भांडून ठरवलेली. तिच्यात बारीकसारीक सगळं सांगता येतं. पण अख्ख्या सॉफ्टवेअरची मोठी रचना सांगायची म्हटली, की ती हात वर करते. तिला सगळे चौकोन सारखे. आता पावती फाडणारा भाग बंद पडला तर लॉन्ड्री ठप्प होईल, आणि 'आज आपला वाढदिवस, हार्दिक शुभेच्छा' असा निरोप गिऱ्हाइकांना पाठवणारा भाग बंद पडला तर गिऱ्हाइकं सुटकेचा नि:श्वास टाकतील. कागदावर मात्र दोघेही तेवढ्याच रुबाबात उभे. मात्र त्या जाणत्या मंडळींना आपली भाषा अपुरी पडणार हे आधीच ठाऊक असावं, कारण त्यांनी एक पळवाट ठेवली होती. चौकोनाच्या डोक्यावर टोकदार कंसात एक नवा शब्द लिहायचा. झाला तो नव्या जातीचा चौकोन. चौकोनराव या शब्दाला बिल्ला म्हणायचे.

त्यांनी पावतीच्या चौकोनाला «खांब» असा बिल्ला लावला, खुर्ची मागे सरकवून लांबून पाहिलं आणि स्वतःवरच खुश झाले. एका शब्दाने केवढं काम झालं होतं! तिथेच थांबले असते तर पुढचं काही झालं नसतं. पण कंपनीत प्रमाणीकरण विभाग होता आणि त्या विभागात मॅडम होत्या.

"हा शब्द कुठून आला?" मॅडमनी विचारलं. त्या चष्म्याच्या वरून बघायच्या, त्यामुळे चष्मा नक्की कशासाठी आहे हे कळत नसे.

"मी बनवला, मॅडम. भाषेत तशी सोय आहे."

"सोय आहे हे मलाही माहीत आहे. व्याख्या कुठाय?"

"लिहून देतो ना."

"लिहून नको. काढून द्या. हा बिल्ला म्हणजे काय, तो कुणाला लागतो, कुणाला लागत नाही, याचं चित्र. प्रमाण भाषेत."

चौकोनरावांनी बिल्ल्याचं चित्र काढलं. मॅडमनी ते सरळ धरून पाहिलं, आडवं धरून पाहिलं.

"तुम्ही बिल्ल्याचा चौकोन काढलाय, पण त्याच्यावर बिल्ला नाही."

"बिल्ल्यावर बिल्ला?"

"बिल्ल्याच्या चौकोनाला 'बिल्ला' असा बिल्ला लागतो. नियमांचं पुस्तक उघडून बघा."

चौकोनरावांनी उघडून बघितलं. लागत होता.

व्याख्या मंजूर झाली आणि बातमी ऑफिसभर पसरली. आता ऑफिसात प्रत्येक चौकोनाचा प्रोग्राम लिहिणारा एकेक गट आणि प्रत्येक गटाचा एकेक प्रमुख. धुलाईचा प्रमुख दुसऱ्याच सकाळी टेबलाशी येऊन उभा राहिला. "पावती खांब, आणि धुलाई काय गवत?" त्याचं म्हणणं खोटं नव्हतं. लॉन्ड्रीत धुलाईला काही किंमत असतेच. चौकोनरावांनी धुलाईला खांब केलं. जेवणाच्या सुट्टीत इस्त्रीवाला आला, त्याच्या मागे पोचवणीवाला. चारही खांब झाले. मग साठवण, हिशेब, तक्रार निवारण हे तिघे एकदमच आले आणि त्यांच्यासाठी «उपखांब» निघाला. शेवटी वाढदिवसाच्या शुभेच्छांचा प्रमुख आला. हा स्वभावाने गरीब माणूस. काही मागितलं नाही, भांडला नाही, नुसता टेबलाच्या कडेला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "घरी मुलगी विचारते हो, बाबा तुमच्या चौकोनाला काय मिळालं." चौकोनरावांनी पेन्सिल उचलली. त्यांनी «मानद खांब» काढला. त्या माणसाने दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला.

आणि प्रत्येक नव्या बिल्ल्याची व्याख्या, त्या व्याख्येचं चित्र, त्या चित्रावर बिल्ला, आणि मॅडम. उपखांबाने खांबाला आधार द्यायचा की खांबाने उपखांबाला, यावर एक समिती बसली. समितीने निर्णय दिला नाही, पण स्वतःसाठी एक चौकोन मागून घेतला.

ऑफिसात बसून हे पुरं होईना, म्हणून चौकोनरावांनी नकाशा घरी आणला आणि बैठकीच्या खोलीत सोफ्यामागच्या भिंतीवर चिकटवला. घर म्हटलं की शेजार आला. शेजारी दंतवैद्य. ते सहज वर्तमानपत्र मागायला आले आणि वर्तमानपत्र विसरून भिंतीसमोर उभे राहिले. हात मागे बांधून, मान तिरकी करून त्यांनी नकाशा असा तपासला, की चौकोनरावांनी नकळत आपलं तोंड मिटून घेतलं.

"हा कोपऱ्यातला काढून टाका," डॉक्टर म्हणाले.

"तो मानद आहे."

"असू दे. आत्ता काही करणार नाही, पण पुढे त्रास देईल. आणि दुसरं सांगू? तुमचे चौकोन कुणीही वाचत नाही. आमच्याकडे पेशंट एक्सरे बघतो तेव्हा त्याला दात दिसत नाहीत. मी पेनाने बाण काढतो तेवढाच दिसतो. बाण जाड करा. लाल करा."

"डॉक्टर, बाण हा तसा दुय्यम असतो."

"दुय्यम तुम्हाला. बघणाऱ्याला तोच मुख्य."

बायकोलाही ते पटलं. ती म्हणाली, की सोफ्याच्या रंगाशीही लाल बरा दिसेल. चौकोनरावांनी बाण जाड केले आणि लाल केले. नकाशा एकदम जिवंत दिसायला लागला. डॉक्टर वर्तमानपत्र घेऊन गेले ते परत आणून द्यायचं राहिलंच.

रविवारी सासूबाई आणि मेहुणा आले. भिंतीवर एवढं मोठं प्रकरण बघून सासूबाईंनी विचारलं, की जावईबापू, हे काय आहे? आता जावयाला असा प्रश्न सासूने आपणहोऊन विचारावा, ही संधी कितीदा येते? चौकोनरावांनी कोरा कागद घेतला आणि आपलं घरच त्या भाषेत काढून दाखवलं. एक चौकोन स्वतःचा, एक बायकोचा, आणि आपल्या चौकोनातून निघून बायकोच्या चौकोनात घुसणारा एक जाडजूड लाल बाण.

सासूबाईंचा चेहरा उतरला.

"म्हणजे तुम्ही हुकूम सोडायचे आणि माझ्या लेकीने ते झेलायचे," त्या म्हणाल्या.

"नाही हो, आई! उलट आहे. हा बाण म्हणजे हुकूम नाही, अवलंबन आहे. जो दुसऱ्यावर अवलंबून, त्याच्याकडून बाण निघतो आणि ज्याच्यावर तो अवलंबून, त्याच्याकडे जातो. मी हिच्यावर अवलंबून. ही नसली तर मी कोसळेन."

"तेवढं खरं आहे," बायको आतून म्हणाली.

"मग हिच्याकडून तुमच्याकडे एकही नाही?" मेहुण्याने विचारलं.

"प्रमाण भाषेत नसलेला बाण काढता येत नाही," चौकोनराव जरा कोरडेपणाने म्हणाले.

सासूबाईंचं समाधान झालं. इतकं झालं, की जाताना त्या तो कागद घडी करून पर्समध्ये घेऊन गेल्या. आणि यावरून चौकोनरावांनी असा निष्कर्ष काढला, की आपली भाषा साध्या माणसालाही सहज समजते. स्वतः शेजारी उभं राहून सगळं समजावून सांगावं लागलं, ही गोष्ट त्यांच्या हिशेबात आलीच नाही. हुशार माणसं चुकतात ती अशी.

नकाशा मंजूर झाला. मॅडमनी शिक्का मारला. साहेबांनी तो भल्यामोठ्या चकचकीत कागदावर छापून घेतला, सोनेरी चौकट बसवली आणि मालकांना ऑफिसात बोलावून समारंभाने हातात दिला. लॉन्ड्रीचे मालक म्हणजे ऐसपैस माणूस, आणि कपडे इतके पांढरे की बघणाऱ्याचे डोळे दिपावेत. त्यांनी नकाशाकडे बराच वेळ पाहिलं. त्यांना त्यातलं एक अक्षर कळलं नाही हे त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होतं, आणि म्हणूनच त्यांना तो अतोनात आवडला.

"वा!" ते म्हणाले. "आमची लॉन्ड्री एवढी मोठी आहे हे आम्हालाच माहीत नव्हतं."

साहेबांनी चौकोनरावांकडे पाहिलं, खिशातून पेन काढलं, टोपण उघडलं. चौकोनरावांनी पाटी उचलून पुढे धरली. तेवढ्यात साहेबांचा फोन वाजला. ते बोलत बोलत बाहेर गेले आणि पेनासकट दौऱ्यावर निघून गेले. हरकत नाही, चौकोनराव मनाशी म्हणाले, आले की खोडतील. पाटी त्यांनी रुमालाने पुसून ठेवली.

इकडे मालकांनी नकाशा कारखान्यात दारासमोरच टांगला. मालकांचा एक भाचा होता. तो व्यवस्थापनाचं शिक्षण घेऊन नुकताच परतला होता, आणि मामाने त्याला हौसेने कारखान्याचा कारभार दिला होता. भाच्याने सगळ्या कामगारांना नकाशासमोर उभं केलं.

"सॉफ्टवेअर यायला वेळ आहे," तो म्हणाला, "पण आपण सवय आत्तापासून लावून घेऊ. आजपासून काम नकाशाप्रमाणे."

इस्त्री विभागाच्या मावशी पुढे येऊन नकाशा निरखून बघायला लागल्या. बाण चांगले हातभर लांब आणि लालभडक होते. पोचवणीकडून निघालेला बाण इस्त्रीकडे जात होता, इस्त्रीकडून निघालेला धुलाईकडे आणि धुलाईकडून निघालेला पावतीकडे. प्रमाण भाषेच्या हिशेबाने यात काना-मात्रेची चूक नव्हती. इस्त्रीला धुतलेले कपडे लागतात, म्हणून इस्त्री धुलाईवर अवलंबून, म्हणून बाण इस्त्रीकडून धुलाईकडे. पण हे सांगायला तिथे चौकोनराव नव्हते.

"म्हणजे धुलाईच्या आधी इस्त्री?" मावशींनी विचारलं.

"बाण काय म्हणतोय?"

"बाण तेच म्हणतोय."

"मग झालं तर. खाली शिक्का बघा."

मावशींनी शिक्का बघितला. त्यांचा जन्म इस्त्रीत गेलेला. पण वरून आलेल्या हुकमाला आडवं जाऊन काय मिळतं, हेही त्यांना त्याच जन्मात कळलेलं होतं. त्यांनी इस्त्री तापत ठेवली, आणि कारखाना नकाशाप्रमाणे सुरू झाला.

पुढचं काय सांगावं! मळके कपडे कडक इस्त्री होऊन धुलाईत जायला लागले. डाग इस्त्रीने असे पक्के बसले, की धुलाईवाल्यांनी हात टेकले. धुतलेले कपडे निथळत पावतीच्या टेबलावर यायला लागले आणि पावती तिथे, म्हणजे सगळ्यात शेवटी, फाटायला लागली. तोवर कुठला कपडा कुणाचा हे कपड्यालाही सांगता आलं नसतं. पावतीचा कारकून त्या ओल्या ढिगापुढे हतबल होऊन बसला. त्याला जागा बदल म्हटलं तर म्हणाला, "मी खांब आहे. मी हललो तर सगळं पडेल. असं लिहिलंय." तेही लिहिलेलं होतंच.

एका बँडपथकाला त्यांचे गणवेश मिळाले ते पाणी ठिबकत. त्यांनी तसेच घातले आणि एका उद्घाटनात वाजवले. ढोल वाजवणाऱ्याच्या पायाशी तळं साचलं. एका हॉटेलात पाहुण्यांनी पांघरूण ओढलं तर चादरीऐवजी डॉक्टरी कोट निघाले. शेजारच्या दंतवैद्यांचा कोट तर कुणा आचाऱ्याच्या कोटाशी बदलला आणि त्यावर 'चव घ्या' असं भरतकाम होतं. तो कोट घालूनच ते लॉन्ड्रीत भांडून आले आणि तिथून तणतणत थेट चौकोनरावांच्या दारात.

"पेशंट हसतात हो माझ्यावर! तोंड उघडतात आणि हसतात!"

"डॉक्टर, बाण जाड करा असं तुम्हीच म्हणाला होतात."

"मी जाड करा म्हणालो होतो. उलटे करा म्हणालो नव्हतो!"

अजून चौकोनरावांना नक्की काय झालंय ते कळलं नव्हतं. बाण आणि उलटे हे दोन शब्द एकत्र ऐकले मात्र, आणि सोफ्यामागच्या भिंतीशी जाऊन ते एकेक लाल बाण बोटाने उलटा वाचून बघायला लागले.

दुसऱ्या दिवशी केबिनमध्ये सगळे जमले. मालक, भाचा, मॅडम आणि दौऱ्यावरून परतलेले साहेब. मालकांचे कपडे या खेपेला तितकेसे पांढरे नव्हते.

"माझी लॉन्ड्री उलटी चाललीय," मालक गरजले. "बँडवाले रोज माझ्या दारात येऊन वाजवतात. निषेध म्हणून!"

मॅडमनी नकाशाची प्रत चष्म्याच्या वरून पाहिली. "चित्र प्रमाणानुसार बिनचूक आहे," त्या शांतपणे म्हणाल्या. "चूक लॉन्ड्रीची आहे."

"अहो बाई, मी तीस वर्षं कपडे धुतोय!"

"धूत असाल. अवलंबनाचा बाण तुम्ही प्रवाहाचा म्हणून वाचलात."

"मामा, मी तेच म्हणत होतो," भाचा म्हणाला. तो असलं काही म्हणत नव्हता.

चौकोनरावांना बोलायचं होतं. एवढंच सांगायचं होतं, की बाण फिरवून देतो, हवे तर बारीक करतो, एका संध्याकाळचं काम आहे. ते तसं म्हणालेही. पण मॅडमनी हात वर केला. मंजूर चित्रातला बाण फिरवायचा म्हणजे चित्र नामंजूर करायचं, आणि मंजूर झालेलं चित्र नामंजूर करण्याची तरतूद नियमांत नाही. भर मात्र घालता येते. भाषा वाढवता येते, कमी करता येत नाही.

"मग घाला भर," साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले.

आणि चौकोनरावांनी भर घातली. त्यांच्या हातून दुसरं काय होणार? प्रत्येक बाणावर एक नवा बिल्ला बसला, «उलट वाचावे». त्याची व्याख्या झाली, व्याख्येचं चित्र झालं, शिक्का बसला. कारखान्यात मावशींनी नवा नकाशा वाचला, "हे आधीच सांगायला काय झालं होतं," असं म्हणाल्या आणि कपडे पहिल्यासारखे धुतले जाऊ लागले. चौकोनरावांचा जीव भांड्यात पडला.

तो पडला न पडला तोच दुसरा घोटाळा उघडकीला आला. कंपनीतले प्रोग्रामर ती प्रमाण भाषा कोळून प्यालेले होते. ते बिचारे पहिल्यापासून बाण बरोबर वाचत होते. आता प्रत्येक बाणावर 'उलट वाचावे' असं शिक्क्यानिशी आल्यावर त्यांनी, इमानदारीत, ते उलट वाचले. सॉफ्टवेअर तयार झालं. मालकांनी उद्घाटनाचं बटण दाबलं आणि पडद्यावर अक्षरं आली, 'आपला कपडा पोचवल्याबद्दल आभारी आहोत. कृपया आता तो कुणाचा आहे ते ठरवा.' एकट्या वाढदिवसाच्या शुभेच्छा काय त्या बिनचूक गेल्या. त्या चौकोनाला एकही बाण नव्हता.

पुन्हा केबिन. पुन्हा सगळे. या खेपेला मालक ओरडले नाहीत, आणि त्याचीच सगळ्यांना जास्त भीती वाटली.

"हे बघा," ते म्हणाले, "सॉफ्टवेअर तुम्ही सुधारालच, तेवढा माझा विश्वास आहे. पण ते चित्र माझ्या भिंतीवर आहे, त्यावर तुमचा शिक्का आहे, आणि ते काढता येत नाही म्हणता. ठीक. मग हे चित्र ज्याला वाचता येतं, तो माणूस मला द्या. चित्राशेजारी उभा राहील आणि विचारेल त्याला सांगेल. चार दिवस नाही, महिना नाही. कायमचा."

साहेब एकदम ताठ बसले. खिशातून पेन काढलं. "चौकोनराव, ती तुमची पाटी कुठाय?"

पाटी आली. साहेबांनी टोपण उघडलं आणि 'प्रभारी' या शब्दावर एक सरळ रेघ ओढली. खरंच स्वतः, स्वतःच्या पेनाने. मग पाटी चौकोनरावांच्या हातात देऊन म्हणाले, "अभिनंदन! सोमवारपासून लॉन्ड्रीत."

चौकोनराव पाटी धरून उभे राहिले. इतकी वर्षं ज्या रेघेची वाट पाहिली, ती रेघ समोर होती, शाई अजून ओली होती, आणि त्यांना रडावं की हसावं ते कळेना. घरी मात्र नुसता उत्सव. सासूबाईंनी फोनवर सगळ्या नातेवाइकांना कळवलं, या वेळी आवाज कुठेही खाली न आणता. मेहुणा मुद्दाम हात मिळवायला आला. बायकोने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "तुम्हाला वाईट वाटतंय ना? वाटू दे. पण सोमवारी नीट जेवून जा." तेवढ्यानेच त्यांना खरोखर रडू आलं.

सोमवारी ते कारखान्यात गेले. सोनेरी चौकटीशेजारी त्यांच्यासाठी एक उंच स्टूल ठेवलं होतं. वाफेचे लोट, साबणाचा वास, यंत्रांची घरघर. ते स्टुलावर बसले नाहीत, उभेच राहिले. बसलं तर आपण इथलेच झालो असं होईल, असं त्यांना वाटत होतं.

आलेल्या कपड्यांचं गाठोडं घेऊन एक बाई दारातून आत आली. गाठोडं एवढं मोठं, की तिचं तोंड दिसत नव्हतं.

"साहेब, पावती झालीय याची. हे कुठे?"

चौकोनराव खाकरले. "त्याचं असं आहे बघा. बाण म्हणजे वाट नव्हे. बाण म्हणजे अवलंबन. आता इस्त्री ही धुलाईवर..."

"साहेब, हात भरून आले."

चौकोनरावांनी नकाशाकडे पाहिलं. खांब, उपखांब, मानद खांब, उलट वाचावे. मग त्यांनी उजवा हात वर केला आणि बोटाने धुलाईचं दार दाखवलं. बाई वळली आणि सरळ तिकडे चालू लागली. तिने काही विचारलं नाही, व्याख्या मागितली नाही, शिक्का बघितला नाही. गाठोडं बरोबर जागी जाऊन पडलं.

आपली एखादी खूण समजावून न सांगता कुणा साध्या माणसाला समजली, ही चौकोनरावांच्या आयुष्यातली पहिलीच वेळ होती. त्यांना बरं वाटलं, आणि आपल्याला बरं वाटलं याचा भयंकर संताप आला. तेवढ्यात दारातून दुसरं गाठोडं आलं, आणि त्यांनी पुन्हा हात वर केला.